जुडीतली एक काडी

पावसाळ्यात लोकलच्या लेडीज डब्याच्या काचा खाली ओढलेल्या असतात आणि आत ओल्या छत्र्या, ओले दुपट्टे, सकाळचा कोमेजलेला गजरा, कुणाच्या तरी डब्यात राहिलेली भाजी या सगळ्यांचा मिळून एक कोमट वास साचतो. फास्ट गाड्या अजून पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, तेव्हाची गोष्ट. ठाण्याला एक मुलगी चढली. नऊ-दहा वर्षांची असावी. एका हातात तारेच्या कडीत अडकवलेल्या क्लिपा नि रबरं, दुसऱ्या हातात टिकल्यांच्या पाकिटांची चळत. "टिकली दस का दो, दीदी, टिकली." फेरीवाल्यांचा असतो तोच सूर, नाकातून येणारा, कुणा एकीला उद्देशून नसलेला. कुणी घेतलं नाही. सगळ्या दमलेल्या, अर्ध्या मोबाइलात, अर्ध्या झोपेत. गाडी बोगद्यात शिरली आणि काचांचे आरसे झाले. ती एका काचेसमोर थांबली, चळतीतलं वरचं पाकीट उघडलं, त्यातली एक लाल टिकली नखाने सोडवली आणि कपाळावर लावली. मान इकडे करून बघितली, तिकडे करून बघितली. समोरच्या सीटवरची बाई हसून म्हणाली, "काय गं, माल विकायचाय का लावायचाय?" मुलीने उत्तर दिलं नाही, टिकलीही काढली नाही. पाकीट मिटून चळतीच्या सगळ्यात खाली सरकवलं आणि बोगदा संपता संपता पुन्हा तोच सूर लावला. डोंबिवलीच्या गर्दीत ती उतरून गेली.

घडलं ते एवढंच. पण त्या बाईचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाईट बोलली नव्हती ती, चेष्टाच केली होती, आणि तिचा प्रश्न धंद्याच्या हिशेबाने अगदी रास्त होता. विकायचा माल विकणाऱ्याचा नसतो. वाण्याचा मुलगा बरणीतली लिमलेटची गोळी तोंडात टाकतो तेव्हा पाठीत धपाटा बसतो, तो काही गोळीच्या किमतीपायी नसतो. त्याला दुकान शिकवलं जात असतं. मग त्या पोरीला टिकली लावताना बघून मला जे वाटलं ते काय होतं? गंमत वाटली होती, थोडं चोरून बघितल्यासारखं वाटलं होतं, आणि शिवाय एक भीतीही वाटली होती, की आता हिचा हिशेब जुळणार नाही. संध्याकाळी पाकिटं मोजून घेणारं कुणीतरी असणारच. रात्री पोळ्या लाटताना एकदम लक्षात आलं, की ही भीती माझ्या ओळखीची आहे. ती मला लहानपणी एका गोष्टीत भेटली होती.

डेन्मार्कच्या हॅन्स अँडरसनची काड्या विकणारी मुलगी.

ही गोष्ट मला आईने सांगितली. अंबरनाथला आमच्याकडे वीज जायची तेव्हा सांगितली, त्यामुळे तिच्यातला अंधार आम्हाला आयताच मिळाला. मुलगी पहिली काडी ओढते तिथे आईसुद्धा खरोखर एक काडी ओढायची. फस्स आवाज, गंधकाचा नाकात जाणारा झणका, आईची हनुवटी खालून पिवळी. काडी बोटापर्यंत यायच्या आत ती फुंकून टाकायची आणि दुसऱ्या काडीची वेळ आली की म्हणायची, "बास, काड्या फुकट नाही जाळायच्या." आमच्या घरात जळकी काडीसुद्धा टाकत नसत. एका बर्नरवरून दुसऱ्या बर्नरवर जाळ न्यायला त्या काळ्या काड्या ओट्याच्या कडेला एका वाटीत उभ्या असायच्या. म्हणजे गोष्ट सांगता सांगता आई त्या मुलीच्या बापाची बाजू घेत होती, हे मला फार उशिरा कळलं. गोष्टीच्या शेवटी आम्ही रडायचो. आजी येते, मुलीला उचलून घेते, सकाळी मुलगी मेलेली सापडते. सगळे तिथेच रडतात. टिकलीनंतर मी ती गोष्ट पुन्हा वाचायला घेतली तेव्हा मात्र माझी नजर अडकली ती बरीच आधी, एका साध्या जागी. दिवसभरात तिची भवानीसुद्धा झालेली नाही. कुणी एक स्किलिंग, म्हणजे तिथलं चिल्लर नाणंही, दिलेलं नाही. घरी जायची सोय नाही, बाप मारील, आणि घरी तरी कुठे ऊब आहे, छपराच्या भेगांत चिंध्या कोंबल्यात तरी वारा येतोच. दोन घरांच्या मधल्या कोपऱ्यात ती अंग आखडून बसते. बोटं बधिर झालीत. आणि मग तिच्या मनात येतं, की जुडीतून एक काडी काढायचं धाडस झालं, तर.

धाडस एका काडीचं. त्या क्षणापर्यंत ती विकणारी आहे, आणि काडी ओढली की नाही.

आता ही मुलगी मुळात गोष्टीतून आलेलीच नाही, ती चित्रातून आली. १८४५च्या नोव्हेंबरात अँडरसन परदेशाच्या लांब प्रवासाला निघाला होता आणि वाटेत दक्षिणेकडे ग्रॉस्टेनच्या वाड्यात, आउगुस्टेनबोर्गच्या ड्यूककडे पाहुणा म्हणून उतरला होता. तिथे त्याला कोपनहेगनहून फ्लिंच नावाच्या प्रकाशकाचं पत्र आलं. हा फ्लिंच मूळचा लाकडी ठसे कोरणारा कारागीर, दरवर्षी एक लोकांसाठीचं कॅलेंडर काढायचा, पुस्तकाच्या आकाराचं, मजकूर आणि चित्रं असलेलं. त्याने पत्रासोबत तीन चित्रं पाठवली होती आणि विनंती केली होती, की यातल्या कुठल्याही एकावर गोष्ट लिहून द्या. अँडरसनने हातात काड्या घेतलेल्या गरीब मुलीचं चित्र निवडलं. संपादकाने चित्र पाठवावं आणि लेखकाने त्याला मजकूर जोडावा, हा मासिकांच्या कचेऱ्यांतला रोजचा प्रकार आहे, आणि त्यातून बहुतेक वेळा जे निपजतं ते दुसऱ्या महिन्यात रद्दीत जातं. हे गेलं नाही. डिसेंबरात १८४६चं कॅलेंडर बाहेर पडलं त्यात गोष्ट छापून आली.

चित्र काढलं होतं योहान टोमास लुंडब्यूने. तो जन्मला १८१८ साली कालुनबोर्गला, आणि नाव कमावलं ते निसर्गचित्रांत नि जनावरांत. त्याचा जीव गायींवर. डेन्मार्कचा सपाट माळ, प्राचीन दगडी थडगी, वर ढगांचं अवजड आभाळ आणि खाली रवंथ करणाऱ्या गायी. १८४३ सालचं त्याचं ‘एक डॅनिश किनारा’ हे भलंमोठं चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. उभा कडा, वारा, आणि त्या सगळ्यात माणसं नखाएवढी. अशा माणसाने पोटासाठी म्हणा, मित्राच्या भिडेखातर म्हणा, ठशासाठी काड्यावाली काढली. तेलरंग नाहीत, सोनेरी चौकट नाही. लाकडावर कोरून शाईत दाबलेल्या काळ्या रेघा. त्या काळातल्या डॅनिश कलेला तिथले लोक सुवर्णयुग म्हणतात आणि ते खोटं नाही. एकर्सबर्ग आणि त्याच्या शिष्यांच्या चित्रांतला प्रकाश असा असतो, की भिंतीला हात लावला तर ऊन लागेल. पण त्या उन्हात गरीब फारसे उभे राहत नाहीत. राहिलेच तर ते इटलीतले असतात. रोमला गेलेल्या डॅनिश चित्रकारांनी तिथले कोळी, फळवाल्या, वाटेवर बसलेली पोरं हौसेने रंगवली. उघडे पाय, फाटका सदरा, डाळिंबाची टोपली, निळं आकाश. परक्या गावचं दारिद्र्य रंगीत दिसतं, ते दिवाणखान्यात लावता येतं, कारण त्यातलं मूल दुसऱ्या दिवशी आपल्याच दारात उभं राहणार नसतं. (आपल्याकडे येऊन डोंबाऱ्यांचे नि वासुदेवांचे फोटो काढणाऱ्यांवर आपण चिडतो. लदाखला गेल्यावर शेंबड्या गालांच्या पोरांचे फोटो काढताना ते आपल्याला आठवत नाही.) कोपनहेगनची आपली स्वतःची थंडीतली पोर तैलचित्रात यायला पुढे बराच वेळ लागला. एरिक हेनिंगसेनचं ‘घराबाहेर काढलेले’ हे चित्र १८९२चं आहे. रस्त्यावर बर्फ, बर्फात एका कुटुंबाचं सामान, बाजूला पोलीस. तोपर्यंत जवळजवळ अर्धं शतक ही मुलगी कॅलेंडरातच उभी होती.

ती कॅलेंडरात का उभी होती, हे पाहिलं की मात्र चित्राकडे बघायची नजर बदलते. अँडरसनकडे येण्याआधीही हे चित्र एकदा छापलं गेलं होतं, दानधर्म करा अशा आशयाच्या मजकुरासोबत. तेव्हा त्या मुलीचं काम होतं देणाऱ्याला पाझर फोडणं. डेन्मार्कमध्ये भीक मागायला १७०८पासून कायद्याने बंदी होती, त्यामुळे काड्यांची जुडी हातात असणं ही मोठी सोय होती. पोलिसाला ती विक्री दिसते, शेजाऱ्याला व्यवहार दिसतो, आणि ज्याने पैसे द्यायचे त्याला कळतं की हे काय आहे. सिग्नलला पेनं विकणारी, पंधरा ऑगस्टला कागदी झेंडे विकणारी मुलं असतात तसंच. त्यांच्याकडून पेन घेणाऱ्या माणसाला पेन नको असतं. मला ह्या व्यवहाराची नेहमी लाज वाटते आणि मी तो नेहमी करते. घेतलं नाही तर मूल उपाशी राहील असं वाटतं, घेतलं तर उद्या पुन्हा ह्या पोराला इथेच उभं केलं जाईल हेही माहीत असतं. संस्थांची पत्रकं सांगतात घेऊ नका. पत्रकाचं बरोबर असतं. पण पत्रक वाचताना समोर कुणी उभं नसतं.

अँडरसनने केलं ते असं, की त्या चित्रातून देणाऱ्यालाच काढून टाकलं. गोष्टीत कुणीही काडी घेत नाही, कुणी नाकारतही नाही, कुणी उलटून बोलत नाही. रस्त्यात दोन घोडागाड्या भरधाव जातात, त्यात तिचे आईचे ढगळ सपाते हरवतात. एक सापडतच नाही, दुसरा एक पोरगा पळवतो. तिच्याकडे वळून बघणारं त्या संध्याकाळी तेवढंच एक माणूस, आणि तेही चोर. बाकी खिडक्यांतले दिवे आणि भाजलेल्या हंसाचा वास. दया करणाऱ्या वाचकाला टेकायला कुठे जागाच ठेवलेली नाही. दुसऱ्या कुठल्याही लेखकाने शेवटी एखादा सद्गृहस्थ आणला असता, तो अर्धा मिनिट उशिरा पोचला असता. कॅलेंडरवाल्यांना तेच हवं असणार. वर ही गोष्ट त्याने वर्षाच्या शेवटच्या रात्री घडवली, आणि कॅलेंडर विकलं जातं ते नेमकं त्याच दिवसांत. आपल्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लेख नि पाककृती असतात, ती जशी डिसेंबरात घरी येतात, तसंच. म्हणजे डिसेंबर १८४५मध्ये कोपनहेगनच्या ज्या गृहस्थाने काड्या घेतल्या नव्हत्या त्याने कॅलेंडर मात्र घेतलं, शेगडीजवळ बसून उघडलं, आणि त्यात ती काड्यावाली बसलेली. अँडरसनला हे दिसत नसेल असं मी मानायला तयार नाही. तो अतिशय लबाड लेखक होता. मुलांच्या गोष्टी म्हणून त्याने काय काय खपवलंय.

आणि हे सगळं त्याने ड्यूकच्या वाड्यात बसून लिहिलं. हा वाडा आता डेन्मार्कच्या राजघराण्याचं उन्हाळी निवासस्थान आहे. नोव्हेंबरातली उत्तरेची दुपार, तीन-चारला अंधारणारी, मोठी चूल, मेजवान्या, आणि या पाहुण्याने जेवणानंतर गोष्टी वाचून दाखवायच्या. ओडेन्सच्या चांभाराचा मुलगा, धोबिणीचा मुलगा. त्याची आई लहान असताना तिच्या आईबापांनी तिला भीक मागायला घराबाहेर काढलं होतं, आणि तिच्याने ते होईना म्हणून ती ओडेन्सच्या नदीवर पुलाखाली दिवसभर रडत बसली होती. हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे त्याच्या दुसऱ्या पुस्तकांतल्या बायकांमध्ये आपण आईला रंगवलं असंही तो म्हणतो, काड्यावालीचं नाव तिथे घेत नाही. पण वाड्यात बसून तीन चित्रं समोर पसरल्यावर त्याचा हात त्याच चित्राकडे गेला, यात मला नवल वाटत नाही. दोघींत एक फरक आहे. आईला मागता आलं नाही. हिच्या हातात त्याने काहीतरी दिलं.

काडी हातात देणारा अँडरसन दहा वर्षांपूर्वी चकमक हातात देत होता. १८३५ साली त्याच्या परीकथांचं पहिलं पुस्तक आलं त्यातली पहिलीच गोष्ट चकमकीची. एक सैनिक चकमक मारतो आणि बशीएवढ्या डोळ्यांचा कुत्रा पैसे घेऊन हजर होतो. पुन्हा मारतो, आणखी मोठा कुत्रा, आणखी पैसे, शेवटी राजकन्या आणि राज्य. ठिणगी पाडली की जे मागाल ते दारात. ती गोष्ट वाचताना मुलं आनंदाने चित्कारतात आणि त्या सैनिकाने म्हातारीचं मुंडकं विनाकारण उडवलंय याकडे कुणी बघत नाही. १८४५मध्ये पुन्हा तीच क्रिया: हात उचलायचा, घासायचं, जाळ. पण आता समोर येतं ते थांबत नाही. पितळी नक्षीची लोखंडी शेगडी येते, ती पाय पुढे करते तोच काडी विझते. भाजलेला हंस, पोटात सफरचंदं आणि आलुबुखार भरलेला, पाठीत सुरी नि काटा घेऊन ताटातून उतरून तिच्याकडे डुलत डुलत येतो, आणि भिंत. नाताळचं झाड येतं, गेल्या वर्षी श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरात काचेच्या दारातून बघितलं होतं त्याहून मोठं. हे ‘काचेच्या दारातून’ त्याने किती सहज टाकून दिलंय. ती कल्पनासुद्धा दुसऱ्याच्या घरात बघितलेल्या वस्तूंचीच करू शकते. चकमकीच्या गोष्टीत जादू वस्तूत होती, ती ज्याच्या हातात पडेल त्याची. इथे वस्तूत काही नाही. साधी काडी, गंधक आणि फॉस्फरस.

काडीबद्दल मात्र मला थोडं बोललंच पाहिजे, कारण माझे वडील विमकोत होते. अंबरनाथच्या माणसाला विमको नाका सांगावा लागत नाही. स्वीडनच्या काडीवाल्यांनी १९२०च्या दशकात काढलेली ती वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. लाकूड सोलल्याचा नि मेणाचा वास वडिलांच्या शर्टाला कायम असायचा. आम्ही मुलं छाप जमवायचो, ‘शिप’चे ढीगभर, त्यामुळे त्यांना किंमत नाही, आणि बाहेरचा एखादा वाघाचा किंवा कमळाचा छाप मिळाला तर त्याच्या बदल्यात वीस शिपा. वडिलांना ही गोष्ट आवडायची नाही, आणि त्यांचा आक्षेप तांत्रिक होता. पुस्तकातल्या चित्रात मुलीच्या हातात आपल्यासारखी काड्यापेटी काढलेली होती आणि गोष्टीत ती काडी भिंतीवर ओढते. "आपली काडी भिंतीवर पेटत नाही," ते म्हणायचे. गुलाला पेटीची पट्टी लागते, लाल फॉस्फरस पट्टीत असतो. ही सुरक्षित काडी शोधून स्टॉकहोमच्या पॅशने १८४४ साली पेटंट घेतलं आणि पुढे यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती जगभर नेली, म्हणजे डेन्मार्कपासून एक सामुद्रधुनी ओलांडून पलीकडे. पण मुलीच्या जुडीतल्या काड्या त्या नव्हेत. त्या पांढऱ्या फॉस्फरसच्या, कुठेही घासा पेटणाऱ्या, अंधारात मंद चकाकणाऱ्या, लसणासारखा वास येणाऱ्या. इंग्लंडात जॉन वॉकरने १८२७ साली घासून पेटणारी काडी विकायला काढली, तिच्यामागून ह्या फॉस्फरसच्या काड्या आल्या आणि दहा-पंधरा वर्षांत त्या इतक्या स्वस्त झाल्या, की लहान पोरांच्या हाती जुडी देऊन त्यांना रस्त्यावर धाडता येऊ लागलं. माल हलका, भांडवल जवळजवळ नाही, पोराला उचलता येतो. आणि त्या बनवायच्या कारखान्यांत कामगारांच्या जबड्याची हाडं सडायची. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी त्या रोगाची नोंद केली तीही १८४५च्याच सुमाराला. डेन्मार्कने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १८७४ साली बंदी घातली, फिनलंडच्या पाठोपाठ, जगात फार लवकर. त्याआधीच्या वर्षी दहा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायलाही बंदी केली. शाळेची सक्ती तर १८१४चीच. कायदे चांगले होते. रस्ता त्या कारखान्याच्या कायद्यात येत नव्हता.

वडिलांच्या आक्षेपाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हतं, आता आहे असं वाटतं. ती भिंतीवर पेटणारी काडी होती म्हणूनच गोष्ट शक्य झाली. पेटी असती तर पेटी फोडावी लागली असती आणि तो उघड गुन्हा झाला असता. जुडीतून एक ओढली तर जुडी तशीच दिसते. पाकिटातली एक टिकली गेली तर पाकीट मिटून खाली सरकवता येतं. लहान पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

लुंडब्यूला ही गोष्ट कधी भेटली, कशी वाटली, याची मी खूप कल्पना केली. त्या हिवाळ्यात तो इटलीत होता. सगळ्यांसारखाच तोही अखेर रोमला गेला, आणि तिथेही त्याला घरचा ओला माळ आठवत राहिला. घरी परतला १८४६मध्ये. दोन वर्षांनी डेन्मार्कच्या दक्षिणेकडच्या श्लेस्विग प्रांताचं युद्ध सुरू झालं. डॅनिश राजाविरुद्धच्या त्या उठावात आउगुस्टेनबोर्गचं ड्यूक घराणं पुढे होतं, म्हणजे ज्याच्या वाड्यात, ज्याच्या चुलीपाशी काड्यावाली लिहिली गेली तेच घराणं. लुंडब्यू डेन्मार्कच्या बाजूने स्वेच्छेने सैन्यात गेला आणि २६ एप्रिल १८४८ला बेडस्टेडला मेला. शत्रूने मारलं नाही. कुणाची तरी बंदूक चुकून सुटली. एकोणतीस वर्षांचा होता. असल्या योगायोगांचा काही अर्थ लावू नये असं मला वाटतं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. त्याच्या गायींची चित्रं बघायला लोक संग्रहालयात जातात. काड्यावालीचं चित्र सगळ्या जगाने बघितलं, ते दुसऱ्या चित्रकारांनी काढलेलं.

आणि त्या दुसऱ्यांवर माझा थोडा राग आहे. माझ्याकडची, ग्रंथालयातली, भेट आलेली, जेवढी पुस्तकं मी चाळली त्यांत बहुतेकांनी शेवटच निवडलाय. निळसर बर्फ, गालावर लाली, ओठांवर हसू, आकाशात प्रकाशाचा झोत आणि त्यात आजी. मेलेली मुलगी चित्रात इतकी गोड दिसते, की तिच्यावरून नाताळची भेटकार्डं निघावीत, आणि ती निघतातही. दोष सगळा त्यांचा नाही. अँडरसननेच तिला हसू दिलं, तिला आजीच्या हातात देऊन देवाकडे पाठवलं, तिथे थंडी नाही, भूक नाही, भीती नाही. लहानपणी मला ह्यामुळे बरं वाटायचं. आता हा शेवट मला सोयीचा वाटतो, कॅलेंडर घेणाऱ्या गृहस्थाच्या सोयीचा. आणि पुन्हा वाटतं, की पुलाखाली रडत बसलेल्या आईच्या मुलाने आणखी काय लिहायचं होतं? सद्गृहस्थ त्याने आणला नाही. आजी तरी आणू द्यावी. माझ्यापुरता लुंडब्यू मला जवळचा वाटतो, कारण त्याच्या रेघांत ती अजून जिवंत आहे, कामावर आहे, माल अजून सगळा तिच्याजवळ आहे. गोष्टीतलं ‘जुन्या एप्रनमध्ये पुष्कळ काड्या, आणि एक जुडी हातात’ हे वर्णन मला तर चित्र समोर ठेवूनच लिहिल्यासारखं वाटतं.

त्या एप्रनबद्दलच माझं म्हणणं आहे. सकाळी लोकांना ती सापडते तेव्हा तिच्याजवळ काड्या असतात, आणि त्यांतली एकच जुडी जवळपास जळलेली असते. एकच. हे वाक्य मी आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, तिने ते गाळलं असावं किंवा तिला मिळालेल्या पुस्तकातच ते नसावं. एवढ्या थंडीत, मरेपर्यंत, शेगडी नि हंस नि झाड नि आजी हे सगळं तिने हातातल्या त्या एका जुडीत बसवलं. आजी जाऊ नये म्हणून जुडीतल्या उरलेल्या काड्या एकदम पेटवल्या, पण एप्रनला हात लावला नाही. तिथला माल बापाचा. लोक म्हणतात, तिला ऊब हवी होती बिचारीला. त्यांच्यापैकी कुणीतरी पुढे होऊन एप्रनमधल्या काड्या उचलल्या असणार, तशा त्या वाया कोण घालवील. वर्षाचा पहिला दिवस, दुकानं बंद, घराघरांत शेगड्या पेटवायच्या. थोड्या दमट असतील, पण फॉस्फरसच्या काड्या वाळवल्या की चालतात. अँडरसनने त्यांचा हिशेब दिलेला नाही. माझ्या वडिलांनी विचारला असता.